पाहुणा नावाजलेला, तरी भाग पोकळ का निघतो?

घरच्या घरी गाणं-वाजवणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी मी आणि माझा धाकटा भाऊ ठाण्यातून पॉडकास्ट करतो. नौपाड्यातल्या घराची मागची खोली, दोन माइक, एक छोटा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी), खिडकीला दुहेरी पडदा, एवढाच पसारा. पहिल्या वर्षापासून एक दुखणं आमच्या मागे लागलं होतं. पाहुणा चांगला मिळायचा, गप्पा रंगायच्या, आई पोहे-चहा आणून द्यायची, पाहुणाही खूश होऊन जायचा. आणि रात्री एडिटिंगला बसलं की हाताला काही लागायचं नाही. ऐकणाऱ्यानं उद्या सकाळी आपल्या खोलीत करून बघावं असं एक वाक्य पन्नास मिनिटांत सापडायचं नाही. दोन भाग बरे जायचे, तिसऱ्याला पुन्हा तेच.

असे पॉडकास्ट करणारे ठाणे-डोंबिवलीकडचे आणखी काही जण भेटले, त्यांचीही हीच तक्रार. म्हणून आमच्याकडे हे कशामुळे होत होतं आणि कसं थांबलं, ते नीट लिहून ठेवते.

दुखणं हेच आहे ना, ते आधी तपासा

सगळ्यात पक्की खूण आम्हाला एका श्रोत्यानं दिली. त्यानं विचारलं होतं, "माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पेटीच्या सुरापेक्षा भात्याची फसफस जास्त येते, काय करू?" आम्ही एका नामवंत पेटीवादकांना बोलावलं. भाग छान झाला असं सगळे म्हणाले. त्याच श्रोत्यानं तो पूर्ण ऐकला, कौतुकाचा निरोप पाठवला आणि खाली पुन्हा तोच प्रश्न, अगदी त्याच शब्दांत. तो निरोप वाचून मला फार वाईट वाटलं. माणूस मदत मागायला आला होता. आपण त्याला तासभर बसवून घेतलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

दुसरी खूण बोलण्यात सापडते. पाहुण्याच्या बोलण्यात गुरू येतात, मैफिली येतात, दौरे येतात, आवडते राग येतात. पंखा येत नाही, भिंत येत नाही, वायर येत नाही. आणि तिसरी खूण तुमच्या स्वतःच्या आवाजात. प्रश्न तुम्ही विचारता, उत्तर येत नाही म्हणून तुम्हीच देऊन टाकता, आणि पाहुणा "बरोबर, बरोबर" म्हणतो. भाग ऐकताना स्वतःचाच आवाज फार ऐकू येऊ लागला तर समजावं.

काय काय करून पाहिलं

पहिल्यांदा वाटलं, आमचे प्रश्नच कच्चे आहेत. म्हणून प्रश्न आठ दिवस आधी पाठवायला लागलो. त्यानं उलट नुकसान झालं, लोक तयारी करून यायचे आणि भाषण केल्यासारखं बोलायचे. मग भाग पन्नासवरून पंचवीस मिनिटांवर आणला. पोकळ बोलणं निम्मं झालं, पण पोकळच राहिलं. मग माइक बदलला. हा खर्च तर अगदीच वाया गेला, कारण पाहुण्याचा आवाज ऐकायला सुरेख वाटू लागला आणि त्यामुळे दुखणं महिनाभर आमच्या लक्षातच आलं नाही.

कारण कुठे सापडलं

एका रविवारी मी जुने भाग लावले आणि शेजारी वही घेतली. पाहुणा स्वतःच्या हातांनी केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोलू लागला की वेळ लिहायची, विषय बदलला की पुन्हा लिहायची. एका ज्येष्ठ गायिकेचा भाग बावन्न मिनिटांचा होता, त्याच्या पानावर जेमतेम चार मिनिटं भरली. याच पानाच्या मागे ऐरोलीच्या एका संगीत शिक्षिकेचा भाग होता. ठरलेला पाहुणा त्या सकाळी आला नाही म्हणून ऐनवेळी फोन करून त्यांना बोलावलं होतं. त्यांचं पान मात्र भरून वाहिलं.

या ताई विद्यार्थ्यांसाठी पलटे आणि बंदिशी घरी रेकॉर्ड करून पाठवतात. घर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला, दिवसभर ट्रकचा आवाज. त्यांनी बेडरूममधलं लोखंडी कपाट उघडं टाकलं, आत साड्या दाटीवाटीनं टांगल्या आणि कपाटाच्या दोन दारांच्या मधे माइक ठेवून साड्यांकडे तोंड करून गायला सुरुवात केली. खोलीचा घुमारा गेला, ट्रकही बराच मागे हटला. पण पंचमावर आले की आवाजाला एक किनार लागायची, कर्रर्र अशी.

"अगं, मला वाटलं माइकच खराब आहे. दोन बदलले," त्या सांगत होत्या. "मग एकदा गाता गाता सहज दारावर हात टेकला, तर पंचम लावल्याबरोबर हाताला मुंग्या आल्या. पत्रा माझ्याबरोबर गात होता."

मग त्यांनी मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत संथ मींड घेत (म्हणजे न तुटता एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत) दोन्ही दारांवर तळहात फिरवला, कुठे झणझणतं ते खडूनं खूण करून ठेवलं, आणि त्या जागी आतून सतरंजीची घडी चिकटपट्टीनं लावली. किनार गेली. हे सगळं त्यांनी आमच्या खोलीत, आमच्या कपाटाच्या दारावर हात ठेवून करून दाखवलं. भाग गेल्यावर आठवडाभर लोक आपापल्या कपाटांचे फोटो पाठवत होते.

वही मिटली तेव्हा कारण समोर होतं. आम्ही पाहुणा नावावरून निवडत होतो. मोठ्या कलाकाराचं रेकॉर्डिंग स्टुडिओत होतं. तिथे माइक लावणारा वेगळा, आवाज घुमू नये म्हणून खोली आधीच सुधारलेली, आवाज कमी-जास्त करायच्या फेडरपाशी बसणारा वेगळा. गाणाऱ्यानं गावं, एवढंच त्याचं काम, आणि ते त्यानं आयुष्यभर उत्तम केलेलं असतं. भात्याची फसफस किंवा कपाटाचा पत्रा ही अडचण त्याच्यासमोर कधी उभीच राहिली नाही, तर तो उत्तर कुठून देणार? चूक त्याची मुळीच नव्हती. आम्ही चुकीच्या दारावर बेल वाजवत होतो.

प्रश्न आधी, माणूस मग

त्यानंतर पाहुण्यांची यादी आम्ही बाजूला ठेवली आणि श्रोत्यांच्या प्रश्नांची वही केली. एका पानावर एकच प्रश्न, विचारणाऱ्याच्या शब्दांत. "तबल्याचा बायाँ घुमतो आणि दायाँ बारीक येतो." "पंखा बंद केला की घाम, चालू ठेवला की घरघर." "भजनी मंडळाचे टाळ बाकी सगळं खाऊन टाकतात." आता पाहुणा शोधताना विचारायचं एवढंच: ही अडचण आपल्यासारख्याच घरात, स्वतःच्या हातांनी कोणी सोडवली आहे का?

असं विचारू लागल्यावर माणसं अगदी जवळ निघतात. पेटीच्या भात्याचा प्रश्न अखेर सोडवला तो पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. रेकॉर्डिंगशी त्यांचा संबंध नाही. ते म्हणाले, एकही पट्टी न दाबता भाता दोन-चारदा मारा आणि पेटीला कान लावा. आतून फस्स येत राहिलं तर हवा गळतेय. गळक्या पेटीला वाजवणारा नकळत भाता जास्त मारतो, मग माइक कुठेही ठेवा, भाता ऐकू येणारच. आधी चामडं आणि सांधे बघून घ्या, मग माइक पट्ट्यांच्या वरून, भात्याच्या उलट बाजूला, फूट-दीड फुटावर ठेवा. श्रोत्यानं पेटी दुरुस्त करून घेतली आणि नवं रेकॉर्डिंग पाठवलं. त्या दिवशी घरात आम्ही गोड केलं.

माणसं शोधायला क्लास चालवणाऱ्या शिक्षकांकडे जावं, भजनी मंडळांत जावं, छोट्या सभागृहात साउंड बघणाऱ्या मुलांशी बोलावं. ठाणे महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह असतो, तिथे किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातल्या कार्यक्रमात मध्यंतराला चहाच्या रांगेत उभं राहावं. मंचावरच्या कलाकाराभोवती गर्दी असते, पण आपल्याला हवा असलेला माणूस बहुधा प्रेक्षकांत असतो. तो फोनवर सकाळचा रियाज रेकॉर्ड करतो आणि त्याबद्दल आजवर त्याला कोणी विचारलेलं नसतं.

दहा मिनिटांचा फोन

बोलावणं करण्याआधी फोन करायचाच, हा नियम आम्ही आता मोडत नाही. फोनवर पहिला प्रश्न असा: "घरी शेवटचं रेकॉर्डिंग कधी केलंत आणि त्यात काय बिघडलं?" ज्यानं केलंय तो लगेच सुरू होतो. परवा केलं, शेजारच्यांचा कुकर आला, मग पहाटे केलं तर सोसायटीचा पंप लागला. ज्यानं केलेलं नाही तो म्हणतो, "नाही हो, सगळं छान झालं." बिघाड आठवत नसेल तर त्या माणसाला या विषयासाठी बोलावू नये, मग तो कितीही गोड बोलो.

दुसरी गोष्ट, कच्ची फाइल मागायची. सजवलेली, मिक्स केलेली नको. जशी निघाली तशी, आणि तिच्यात गाण्याआधीची अर्धा मिनिट नुसती शांतता हवी. त्या शांततेत खोली बोलते. पंखा, फ्रिज, रस्ता, वायरची गुणगुण, सगळं तिथे ऐकू येतं आणि विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात. फाइल द्यायला जो कचरतो त्याला समजावून सांगावं की ती तुमच्या परवानगीशिवाय वाजवणार नाही. तरीही नको म्हटलं तर आग्रह करू नये.

कच्च्या फाइलनं आमचा एक भाग कसा उभा राहिला ते सांगते. कळव्याचा एक तरुण तबलावादक, खोली दहा बाय दहा. त्याच्या फाइलमध्ये बायाँ, म्हणजे डग्गा, एका ठरावीक सुरावर भोपळ्यासारखा फुगत होता. फोनवर खोलीचं माप विचारलं आणि गणित जुळलं. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर सुमारे ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींमध्ये अडकून वाढतो. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांनी त्याच आकड्यांवर वाढतो, म्हणून चौकोनी खोली जास्त त्रास देते. हा मुलगा बरोबर खोलीच्या मध्यावर बसत होता, आणि ११२चा जोर मध्यावर सगळ्यात जास्त. भिंतीला गोधडी लावून झाली होती, पण गोधडी वरचे सूर शोषते, खर्जाला ती पुरत नाही. त्यानं बैठक सरकवली, माइक दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून अडीच-तीन फुटांवर आणला, आणि फुगवटा बसला. हे त्यानं स्वतः चार दिवस सरकवून, खडूनं फरशीवर खुणा करून शोधलं होतं. आकडे आम्ही नंतर जोडले. फाइल मागितली नसती तर आम्ही त्याला घराणं विचारत बसलो असतो.

तिसरा प्रश्न सोपा आहे: "हे आम्हाला करून दाखवाल का?" काही जणांना उत्तम येतं पण माइकसमोर बोलता येत नाही. त्यांना सोडू नका. त्यांच्या घरी जा, काम करत असताना बोलायला लावा. पेटीवाल्या काकांचा भाग आम्ही त्यांच्या दुकानात, हातात कानस असतानाच रेकॉर्ड केला.

ज्या पाहुण्यांशी पुन्हा पुन्हा अडतं

स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट. ज्ञान अफाट, पण सल्ला बहुतेक वेळा त्यांच्या खोलीचा असतो. त्यांना आम्ही आमच्या खोलीत, आमच्याच माइकवर एक तानपुरा आणि एक आवाज रेकॉर्ड करायला देतो. खुर्ची कुठे ठेवली, कपाट का उघडलं, पंखा कधी बंद केला, हे सगळं चालू असताना विचारायचं. हे भाग आमच्याकडचे सगळ्यात चांगले झाले आहेत.

सामान विकणारे. एका विक्रेत्यानं माइक भेट देतो, त्या बदल्यात भाग करा म्हटलं होतं. आम्ही नाही म्हटलं. ज्याच्याकडे साधा डायनॅमिक माइक आहे त्याला नव्या कंडेन्सरची (बारीक आवाजही टिपणाऱ्या नाजूक माइकची) गरज नसते, बऱ्याचदा तोंडाच्या जवळ येऊन गायची आणि इंटरफेसचा गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) नीट लावायची गरज असते. हे विकणारा कशाला सांगेल?

प्लगइनची, म्हणजे आवाज सुधारायच्या छोट्या सॉफ्टवेअरची, नावं धडाधड घेणारी मुलं. त्यांना थांबवून एकच विचारा: "यातलं कुठलं बटण फिरवलंस, किती, आणि आधी काय खटकत होतं?" उत्तर आलं तर मुलगा सोनं आहे.

ओळखीचे. सगळ्यात नाजूक. आत्याच्या मैत्रिणीचा मुलगा, बाबांच्या ऑफिसमधले गायक काका. आम्ही खरं तेच सांगतो: "काका, सध्या वहीत तुम्हाला विचारावा असा प्रश्न नाही. आला की पहिला फोन तुम्हाला." आणि आला की खरंच करतो. अजून तरी कोणी रागावलं नाही.

बाहेरगावचा पाहुणा चालतो, पण एक काळजी घ्या. व्हिडिओ कॉलवर तानपुरा लावला की तो आवाज कॉलच्या प्रोग्रॅमला सतत चालणारा गोंगाट वाटतो आणि तो गाळून टाकतो; मागे सुरांचे तुकडे उरतात. झूममध्ये संगीतकारांसाठी ओरिजिनल साउंडची सोय आहे, ती चालू करायला सांगा. त्याहून बरं म्हणजे पाहुण्यानं स्वतःच्या फोनवर वेगळं रेकॉर्ड करून फाइल पाठवावी. सुरुवातीला दोघांनी एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर जुळवता येतं.

गाऊन दाखवणार असेल तर काय गाणार हे फोनवरच विचारा. अभंग तुकोबांचा असला तरी चाल अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पारंपरिक बंदीश किंवा पाहुण्याची स्वतःची चाल असली की प्रश्न मिटतो. गाणाऱ्याचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, म्हणून संमती दोन ओळींत लिहून सही घ्या, घरचा माणूस असला तरी.

तारखांचंही एक. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट या काळात कलाकाराला बोलावलं तर तो येत नाही किंवा थकलेला येतो. पितृपंधरवड्यात मात्र कार्यक्रम कमी असतात, माणूस निवांत असतो. श्रावण संपत आला की आमच्या आसपास ढोल-ताशांचे सराव सुरू होतात, त्यामुळे संध्याकाळचं रेकॉर्डिंग तेव्हा ठेवतच नाही.

भाग बिघडलाच असेल तर

टाकून देऊ नका. ज्या ज्येष्ठ गायिकेच्या बावन्न मिनिटांतली चारच मिनिटं वहीत भरली होती, तो भाग आम्ही श्रोत्यांसाठी प्रसिद्ध केलाच नव्हता. इतकं मोठं माणूस आपल्या घरी आलं, आणि आपण त्यांना नीट विचारू शकलो नाही, ही बोच होती. वर्षभरानं वहीत एक प्रश्न आला: "हेडफोन घातला की माझा सूर हलतो, का?" स्टुडिओत माइक दुसरा लावतो, खोली दुसऱ्याची असते, पण हेडफोन कानावर गाणारा स्वतः चढवतो. आम्ही त्यांना फोन केला, वीस मिनिटं मागितली आणि एवढंच विचारलं.

त्या चौदा मिनिटं न थांबता बोलल्या. डावा कान उघडा ठेवायचा, म्हणजे आपला आवाज खोलीतून ऐकू येतो. मोकळी राहिलेली हेडफोनची वाटी कानामागच्या हाडावर दाबून धरायची, नाहीतर तिच्यातला तानपुरा माइकमध्ये उतरतो. आणि तानपुरा किती मोठा ठेवायचा? "आपला षड्ज बरोबर लागला की तो ऐकू येईनासा झाला पाहिजे, इतकाच. लागूनही ऐकू येतोय म्हणजे जास्त आहे, मग आपण त्याच्याशी भांडत गातो." बोलता बोलता त्यांनी फोनवरच षड्ज लावून दाखवला.

जुन्या बावन्न मिनिटांतली त्यांची ओळख करून देणारी तीन मिनिटं आम्ही सुरुवातीला ठेवली आणि पुढे ही चौदा जोडली. भाग सतरा मिनिटांचा झाला.